मलिक अंबर : नहरीचाच नव्हे, रानाचाही जाणता

छत्रपती संभाजीनगरात कुणालाही मलिक अंबरविषयी विचारा. भडकल दरवाजा सांगतील, नहरी सांगतील, खुलताबादची कबर सांगतील. इतिहासाची गोडी असलेला असेल तर त्याने जहांगीर बादशहाला कसे जेरीस आणले तेही रंगवून सांगेल. पण या माणसाने आपल्या भागातल्या शेताकडे कसे पाहिले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. खरे तर शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातला तोच भाग सगळ्यात मोलाचा आहे.

हे आज सांगायचे कारण असे की वाळवंटीकरण हा शब्द हल्ली वारंवार कानावर पडतो. आपल्याला वाटते, वाळवंट म्हणजे राजस्थान, आपला काय संबंध? पण संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली या प्रश्नावर करार केला, त्यात वाळवंटीकरणाचा अर्थ स्पष्ट दिला आहे. कोरड्या आणि कमी पावसाच्या मुलखात जमिनीचा कस उतरत जाणे, मग ते हवामानामुळे असो की माणसाच्या करणीमुळे, याला वाळवंटीकरण म्हणायचे. वाळू उडत आलीच पाहिजे असे नाही. माती वाहून गेली, मुरूम उघडा पडला, कुसळाशिवाय काही उगवेना, की झाले. आता सांगा, असे रान तुमच्या शिवारात नाही का?

हबशी पोर ते पेशवा

१५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या इथिओपियात एका मुलाचा जन्म झाला. नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात विकला गेला, तिथून बगदादला गेला. तिथे मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब शिकवला आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखान स्वतःही हबशीच होता. दरबार कसा चालतो, फौज कशी पोसतात, महसूल कुठून येतो नि कुठे मुरतो, हे सगळे अंबरने या धन्याच्या पदरी राहून पाहिले.

१५७४-७५ च्या सुमारास चंगीजखान वारला आणि अंबर गुलामीतून सुटला. पुढची वीस वर्षे त्याने शिपाईगिरी केली. काही काळ विजापूरकरांकडेही काढला, तिथेच त्याला मलिक हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास तो दीडशेक स्वार घेऊन निजामशाहीत परतला. तेव्हा त्याचे वय पन्नाशीकडे झुकले होते. आपल्याकडे या वयाला माणूस कारभार पोराच्या हाती द्यायचा विचार करतो. याचा कारभार अजून सुरूही झाला नव्हता.

१६०० साली चांदबिबीचा खून झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही बुडाली असेच सगळ्यांना वाटले. पण अंबरने घराण्यातला एक मुलगा शोधून काढला, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याला त्याला दुसरा मूर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि राज्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. राजधानी परांड्याहून जुन्नरला गेली, पुढे दौलताबादला आली. १६१० साली दौलताबादजवळच्या खडकी या गावी त्याने नवे शहर वसवायला घेतले. तेच आजचे आपले शहर.

रान ओस का पडते

अंबरच्या हाती राज्य आले तेव्हा मुलूख कसा होता याचा जरा विचार करा. मोगलांच्या स्वाऱ्या चालू होत्या. फौज येणार म्हटले की गाव उठून डोंगरात जाई. त्यात वसुली इजाऱ्याने चाले. इजारा म्हणजे काय? सरकारात जो जास्त रकमेची बोली लावील त्याला परगण्याची वसुली द्यायची. त्याने सरकारात ठरलेली रक्कम भरली की बाकी त्याची. आता असा इजारदार दोन-चार वर्षांसाठी आलेला. त्याला बांधाशी काय देणे-घेणे? त्याची नजर यंदाच्या खळ्यावर. पीक चांगले आले तरी लूट, बुडाले तरी तगादा. शेवटी कुणबी बायका-पोरे घेऊन रातोरात परागंदा होई.

कुणबी गेला की रानाचे काय होते हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. पहिल्या पावसाळ्यात बांध फुटतो आणि तो बांधायला कोणी नसते. दुसऱ्या वर्षी कुंदा आणि हरळी शेत धरतात. फुटलेल्या बांधातून पाणी एकाच वाटेने धावू लागते, त्याची ओघळ होते. ओघळीची पुढे घळ होते. पाच-सात वर्षांनी तो माणूस परत आला तरी औत घालायला तिथे वीतभर माती राहिलेली नसते. आपला सगळा भाग काळ्या पाषाणाचा. नदीकाठी भारी काळी माती आहे खरी, पण माळावर आणि उतारावर मुरमावर कुठे हातभर, कुठे चार बोटे एवढाच थर. तो तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि जायला चार-दोन वळवाचे पाऊस पुरतात.

म्हणजे रान ओस पडण्याची सुरुवात आभाळातून होतेच असे नाही. पुष्कळदा ती कचेरीतल्या कागदावर होते. मलिक अंबरला हे कळले होते, असे त्याच्या पुढच्या कारभारावरून दिसते.

मलिकंबरी धारा

त्याने पहिले काम केले ते इजारा बंद करण्याचे. वसुली बोलीवर न देता सरकारी कारकुनांच्या हाती दिली. हिशेबाला ब्राह्मण कारकून आणि त्यांच्यावर मुसलमान अंमलदार अशी व्यवस्था केली. गावगाडा मोडकळीस आला होता, तो पुन्हा उभा केला. पाटील, कुलकर्णी आपापल्या जागी बसवले. कारण शिवारातले कोणते रान कसे, हे बाहेरून आलेल्या अंमलदाराला काय कळणार? ते गावातल्या माणसालाच ठाऊक.

दुसरे काम जमिनीच्या प्रतीचे. सुपीक जमीन कोणती, नापीक कोणती हे ठरवले आणि काही वर्षांचे पीक प्रत्यक्ष पाहिले. मळईची जमीन आणि बरड माळ यांना एका मापाने मोजणे म्हणजे माळवाल्याला देशोधडीला लावणे होय. आज आपल्याला ही साधी गोष्ट वाटते. पण प्रत न पाहता एकसारखा आकार बसवायचा आणि हलक्या रानावरचे कुळ पळवून लावायचे, हा प्रकार आपल्या देशात किती राजवटींनी केला याला गणती नाही.

तिसरे काम वसुलीचे. सुरुवातीला त्याने प्रत्यक्ष आलेल्या पिकातला वाटा धान्याच्या रूपाने घेतला. हा वाटा पाचांत दोन होता असे नोंदले आहे. म्हणजे दहा पोती ज्वारी झाली तर चार सरकारची. काही हंगामांचा अनुभव आल्यावर त्याचे रोख रकमेत रूपांतर केले आणि ही रोख रक्कम पिकाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच भरे अशी परंपरा आहे. यातली खरी मेख पुढे आहे. ही रक्कम कायमची ठोकून दिलेली नव्हती. त्या त्या वर्षी किती रान लावणीला आले, हे पाहून ती दरसाल ठरे.

याचा अर्थ लक्षात घ्या. दरसाल ठरवायची तर दरसाल पाहावे लागते. कोणते शेत पेरले, कोणते पडीक राहिले, कोण नांगर घेऊन परत आला, कोण गाव सोडून गेला, याची नोंद वर्षाला ताजी होई. पडीक रान वाढू लागले की ते सरकारच्या वहीत लगेच दिसे, कारण वसूल घटे. आज आपण ज्याला जमिनीच्या ऱ्हासाचे निरीक्षण म्हणतो त्याचे हे जुने, कच्चे रूप म्हणायला हरकत नाही. कुणबी टिकला तर रान टिकेल आणि रान टिकले तर खजिना, असा हा सरळ हिशेब. दयाबुद्धीने केला असे म्हणायचे कारण नाही. त्याला फौज पोसायची होती. पण राजाचा आणि कुणब्याचा फायदा एका रेघेत आणणे, हेच तर शहाण्या कारभाऱ्याचे लक्षण!

मलिकंबरी धारा हा शब्द पुढे शतकभर आणि त्याहून जास्त महाराष्ट्रात राहिला. शिवकाळातल्या महसुलाची चर्चा निघाली की हे नाव निघतेच. त्या काळात पडीक रान लावणीला आणणाऱ्याला पहिली काही वर्षे हलका सारा आणि मग दरसाल थोडा थोडा वाढवत पुरा, अशी रीत होती. तिला इस्तावा म्हणत. पडीक रान फुकट वहिवाटायला मिळाले तरी पहिली तीन-चार वर्षे त्यात घामच जिरतो, हे जाणणाऱ्यांनी केलेली ही सवलत.

खडकीचे पाणी

खडकी हे नाव उगीच पडले नव्हते. जागा खडकाळ, जवळची खाम नदी उन्हाळ्यात आटणारी, पाऊस आजच्या मोजमापाने वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा जागी राजधानीचे शहर वसवायचे म्हणजे पाण्याची तजवीज आधी. अंबरने ती जमिनीखालून केली. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी मुरलेले पाणी विहिरींतून आणि भुयारी पाटांतून गोळा करायचे, ते बंदिस्त मार्गाने केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे आणि हौदांतून वाटायचे. हीच नहर-ए-अंबरी. ना मोट, ना इंजिन. पाणी झाकलेले असल्याने उन्हाने उडत नसे.

नहरीचे कौतुक सगळेच करतात. पण तिची अट काय होती ते पाहा. डोंगरावर पाणी मुरले तरच नहरीत पाणी. डोंगर उघडा झाला, माती वाहून गेली, पावसाचे पाणी थांबेनासे झाले, की नहर कोरडी. म्हणजे शहराचा हौद डोंगरावरच्या गवताला बांधलेला होता. पाणलोट हा शब्द तेव्हा कोणी वापरत नसेल, पण व्यवहार पाणलोटाचाच. मौज अशी की अंबरचा रणांगणावरचा शत्रू, मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानान, यानेही १६१५ च्या सुमारास बुऱ्हाणपुरात अशाच धर्तीची भुयारी पाण्याची व्यवस्था केली. तलवारी एकमेकांवर उगारलेल्या, पण दोघांचीही तहान सारखीच!

अंबरनंतर शहरात आणखी नहरी झाल्या. १७४४ साली पाणचक्की उभी राहिली ती अशाच डोंगरातून आणलेल्या पाण्यावर. पुढे नळाचे पाणी आले, शहर वाढले, नहरींच्या वाटेवर बांधकामे झाली आणि त्या अनेक ठिकाणी फुटल्या, बुजल्या. आज शहर पैठणच्या नाथसागराचे पाणी विजेने चढवून पिते.

लढाया आणि त्यांची किंमत

अंबरचे उरलेले आयुष्य घोड्यावर गेले. मोठ्या मोगल फौजेशी समोरासमोर न भिडता तिची रसद तोडायची, चारा-दाणा मिळू द्यायचा नाही, रात्री-अपरात्री छापे घालायचे, ही त्याची रीत. मराठा सरदार आणि हलके स्वार हे त्याचे बळ होते. वेरूळच्या भोसले घराण्यातले शहाजीराजे याच काळात नावारूपाला आले. १६१६ साली रोषणगावजवळ त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी लुटली, जाळली. १६२१ साली पुन्हा तेच झाले. दोन्ही वेळा तो पुन्हा उभा राहिला. १६२४ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात घातली आणि मोगल-विजापूरच्या जोडफौजेचा फडशा पाडला. जहांगिराने त्याचा किती धसका घेतला होता, तर अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असे चित्र दरबारी चित्रकाराकडून काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधी मिळाले नाही.

मात्र इथे एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. रसद तोडणे म्हणजे शेवटी कुणाचा तरी कडबा जाळणे, कुणाचे तरी उभे पीक तुडवणे. दोन्ही बाजूंनी ते झाले. ज्याने पडीक रान लावणीला आणायची घडी बसवली, त्याच्याच लढायांत पुष्कळ रान पडीक पडले असणार. फोडलेला तलावही कुणाच्या तरी भिजण्याचाच होता. चांगला कारभारी आणि चालू लढाई यांच्या कात्रीत शेतकरी सापडतो, तो असा.

१४ मे १६२६ रोजी मलिक अंबर वारला. वय ऐंशीच्या घरात. खुलताबादला त्याने हयातीतच बांधून ठेवलेल्या कबरीत त्याला पुरले. विशेष म्हणजे मोगल दरबारच्या बखरकारानेही त्याच्या बंदोबस्ताची आणि न्यायाची तारीफ नोंदवून ठेवली आहे. वैऱ्याने केलेली तारीफ खोटी नसते म्हणतात.

त्याच्या मागे काय झाले

मुलगा फत्तेखान कारभारी झाला. पण बापाची बसवलेली घडी पोराला धरवली नाही. १६३० साली पाऊस गेला आणि दख्खन-गुजरातवर भीषण दुष्काळ कोसळला, तो दोन-तीन वर्षे हटला नाही. त्यातच मोगलांची मोठी स्वारी. १६३३ साली दौलताबाद पडले, १६३६ साली निजामशाही कायमची संपली. गावेच्या गावे उठली.

१६५३ साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा मुलूख उजाड आणि वसूल तुटपुंजा अशी अवस्था होती. त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान याला काय करावे लागले? पुन्हा प्रत पाहणे, पुन्हा मोजणी, पुन्हा पाटील नेमणे. बैल आणि बियाण्यासाठी तगाई देणे. जिरायतीला निम्मा आणि विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याला तिसरा, असे रानापरत्वे वेगळे हिस्से ठरवणे. म्हणजे अंबरने जिथे सुरुवात केली होती तिथेच पंचवीस-तीस वर्षांनी परत यावे लागले. घडी मोडायला दोन-चार वर्षे पुरली, बसवायला पिढी गेली.

आजचा हिशेब

आता आपल्या काळाकडे या. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या खालावलेल्या जमिनीचे नकाशे काढले आहेत. २०१८-१९ च्या पाहणीत देशाची ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे जवळजवळ ३० टक्के भूभाग, खालावलेला दिसला. महाराष्ट्राचा आकडा २०११-१३ च्या पाहणीतच सुमारे ४५ टक्के होता आणि आपल्याकडे सगळ्यात मोठे कारण पाण्याने होणारी धूप. खालावलेली २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन २०३० पर्यंत सुधारण्याचे उद्दिष्ट देशाने २०१९ साली जाहीर केले आहे.

शास्त्रज्ञांच्या अंदाजाने देशात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टन माती हलते. एकराचा हिशेब साडेसहा टनांचा झाला. गाडीत टनभर धरली तर तुमच्या एका एकरातून दरसाल सहा-सात गाड्या माती कोणी उचलून नेतो आहे, आणि तुम्ही तक्रारही करत नाही! सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर मराठवाड्यात हजारो हेक्टर जमीन एका फटक्यात खरडून गेली. ते सगळ्यांना दिसले, पंचनामे झाले. दरसाल गुपचूप जाणाऱ्या मातीचा पंचनामा कोण करणार?

आपली पैसेवारी पिकाची, सातबारा मालकीचा. २०१५ पासून माती आरोग्य पत्रिका आहे, ती नत्र-स्फुरद-पालाश सांगते. पण माती किती उरली, हा रकाना कुठेच नाही. उपग्रहाला जिल्हा दिसतो, तुमच्या बांधाला पडलेले भगदाड तुम्हालाच दिसणार.

म्हणून एक साधे काम करा. दोन फुटी लोखंडी सळई घ्या. उतारावर वर, मध्ये आणि खाली, वखर लागणार नाही अशा बांधालगतच्या जागी आणि ओघळीच्या तोंडाशी, अशा चार-पाच सळया ठोका. जमिनीच्या पातळीला रंगाची खूण करा. मृगाआधी आणि दिवाळीनंतर पाहा आणि वहीत लिहा. खूण वर राहिली तर तिथली माती गेली, गाडली गेली तर वरची माती येऊन बसली. एकरभर रानातला एक मिलिमीटर थर म्हणजे पाचेक टन माती, हे ध्यानात ठेवा. एका वर्षात फार कळणार नाही, तीन-चार वर्षांत चित्र उघडे पडेल. मग उताराला आडवी पेरणी, बांधावर गवत, ओघळीला दगडी ताल, हे उपाय कुठे करायचे ते तुमची वहीच सांगेल.

आणि हे एकट्याने पुरत नाही. वरच्या शेताचे पाणी खालच्याच्या बांधावर येते, म्हणून काम शिवाराचे असते. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने १९९६ पासून माथा ते पायथा पाणलोटाचे काम करून पुढे द्राक्षबागा उभ्या केल्या, त्या गावाने मिळून काम केले म्हणून. ग्रामसभेत विहिरींची आणि रस्त्यांची चर्चा होते तशी वर्षातून एकदा पडीक आणि खरडलेल्या रानाची यादी वाचली जावी. कोणाचे शेत सलग दोन वर्षे पडून आहे, का पडून आहे, बैल नाहीत की बांध फुटलाय की माणूसच मुंबई-पुण्याला गेलाय, हे गावाने विचारावे.

चारशे वर्षांपूर्वी परमुलखातून गुलाम म्हणून आलेल्या माणसाला आपल्या रानाची प्रत दरसाल पाहावीशी वाटली. आपण तर इथलेच. यंदाच्या मृगाआधी निदान पहिली सळई तरी ठोकाच.